सिएटलच्या ओढ्यातले कोहो, टायरमधलं रसायन आणि आपल्या हातात काय आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीच्या शाळेच्या सहलीबरोबर तुम्ही वेस्ट सिएटलच्या लाँगफेलो क्रीकवर गेलात. तिथे पोटात अंडी तशीच असलेली कोहो सॅल्मनची मादी मेलेली दिसली आणि सोबतच्या स्वयंसेवकाने सांगितलं की हे टायरमुळे होतं. आता तुम्हाला विचारायचंय की टायरने मासा मरतो कसा, सॅल्मनला त्रास न देणारे टायर कुठे मिळतात आणि तुमची गाडी इलेक्ट्रिक आहे म्हणजे तुम्ही यातून सुटलात का. जाता जाता मुळा-मुठेचंही विचारलंय.

मी या भागात पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याची कामं डिझाइन करते. रस्त्यावर, पार्किंगमध्ये पडलेलं पाणी कुठून कुठे जाईल, वाटेत कशातून गाळलं जाईल, हे ठरवायचं काम. त्यामुळे माझं उत्तर गाडीपेक्षा गटाराकडे झुकलेलं असणार, हे आधीच सांगते. आणि माझ्या मते प्रश्नाची खरी जागाही तीच आहे: रस्ता आणि ओढा यांच्या मधली काही फुटांची जमीन. टायर बदलायचे तेव्हा बदलतील, त्याला वेळ लागणार आहे. कोहो मात्र दर ऑक्टोबरला येतातच.

आधी एक खात्री करून घ्या, कारण या बाबतीत इथे बराच गोंधळ असतो. पॅसिफिक सॅल्मन अंडी घालून झाल्यावर मरतातच. त्यामुळे नोव्हेंबरात ओढ्यात मेलेला मासा दिसला म्हणजे विषबाधा झाली असं नाही. मादी घरटं करताना शेपटीने खडी उकरते, त्यामुळे अंडी घालून मेलेल्या मादीची शेपटी झिजून पांढरी पडलेली असते आणि पोट सैल, रिकामं. तुम्ही पाहिलेल्या मादीचं पोट भरलेलं होतं. शेपटीही धड असेल तर तिने खडी उकरायला सुरुवातसुद्धा केलेली नव्हती. मरण्याआधी तिला पाहिलं असतंत तर ती पृष्ठभागाजवळ वेड्यासारखी गोल फिरताना, तोंड उघडंच ठेवून, पर ताठ करून, मग तोल जाऊन कुशीवर पडताना दिसली असती. हे सगळं काही तासांत आटोपतं. एकदा ही लक्षणं दिसू लागली की माशाला स्वच्छ पाण्यात नेऊन ठेवलं तरी तो सावरत नाही, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. तेव्हा पुढच्या वेळी असा मासा दिसला तर त्याला 'वाचवण्यासाठी' उचलू नका. फोटो, वेळ आणि जागा नोंदवून त्या स्वयंसेवकांना कळवा. त्या नोंदींचाच जास्त उपयोग होतो.

या प्रकरणाचा शोध लागायला वीसेक वर्षं लागली आणि तो कसा लागला हे माहीत असलं की उपायही नीट कळतो. १९९०च्या दशकात सिएटलने आपले बुजलेले, सिमेंटमध्ये कोंडलेले ओढे दुरुस्त करायला घेतले. झाडं लावली, खडी टाकली, अडथळे काढले. मासे परत आले आणि अंडी घालण्याआधीच मरू लागले. २००२ ते २००९ या काळात लाँगफेलो क्रीकवर शरद ऋतूत रोज पाहणी झाली, तेव्हा दर वर्षी आलेल्या कोहोंपैकी ६० ते १०० टक्के अंडी घालण्याआधीच मेलेले आढळले. तुलनेसाठी २००२ मध्ये शहरापासून दूरच्या फोर्टसन क्रीकवर पाहिलं, तिथे हे प्रमाण १ टक्क्याहून कमी होतं. नोआ या केंद्रीय संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एकेक संशयित तपासला: ऑक्सिजन, तापमान, रोगजंतू, कीटकनाशकं, जड धातू, इंधनातली रसायनं. एकातही पुरेसं उत्तर सापडेना. धातू आणि तेलातल्या रसायनांचं मिश्रण मुद्दाम तयार करून कोहोंना त्यात ठेवलं, तरी ते मेले नाहीत. मात्र महामार्गावरून वाहून आलेलं खरं पाणी आणून त्यात ठेवलं, की मेले. नऊ वेगवेगळ्या पावसांचं पाणी तपासलं आणि नऊही वेळा मेले.

म्हणजे मारेकरी रस्त्यावर आहे एवढं पक्कं झालं होतं, फक्त नाव नव्हतं. ते २०२०च्या डिसेंबरात मिळालं. टाकोमातल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत झेन्यू तियान आणि एडवर्ड कोलोजिए, आणि वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या जेनिफर मॅकिन्टायर, यांच्या गटाने टायरचा चुरा पाण्यात भिजवला. त्या अर्कातली सुमारे दोन हजार रसायनं गटागटाने वेगळी करायची आणि प्रत्येक गट माशांवर तपासायचा. मासे मारणारा गट ठेवायचा, बाकीचे सोडायचे. असं करत शेवटी एक पदार्थ उरला: १८ कार्बन, २२ हायड्रोजन, २ नायट्रोजन, २ ऑक्सिजन. या सूत्राचं काहीही टायर उद्योगात वापरात सापडेना. मग लक्षात आलं की टायरमध्ये सर्रास घालतात त्या ६पीपीडीमध्ये कार्बन आणि नायट्रोजन अगदी तेवढेच आहेत. फरक फक्त हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा. म्हणजे हे रसायन कुणी टायरमध्ये घालत नाही, ते रस्त्यावर तयार होतं.

६पीपीडी टायरमध्ये का असतं? हवेतला ओझोन रबराच्या साखळ्या तोडतो आणि टायरला भेगा पडतात. ६पीपीडी रबराच्या आतून हळूहळू पृष्ठभागावर येत राहतं आणि रबराआधी स्वतः ओझोनशी संयोग पावतं. वजनाच्या साधारण ०.४ ते २ टक्के इतकं ते टायरमध्ये असतं. त्या संयोगातून जे बनतं ते ६पीपीडी-क्विनोन. टायर झिजतो, बारीक कण रस्त्यावर पडतात, आठवडेच्या आठवडे साचतात आणि पहिल्या मोठ्या पावसाने गटारात जातात. कोहोसुद्धा त्याच पावसाची वाट पाहत ओढ्याच्या मुखाशी थांबलेले असतात, कारण पाणी चढल्याशिवाय त्यांना वर जाता येत नाही. यापेक्षा वाईट योगायोग शोधून सापडायचा नाही.

किती रसायन लागतं? दर लिटरला ९५ नॅनोग्रॅम इतक्या प्रमाणात निम्मे कोहो दिवसभरात मरतात. ऑलिम्पिक आकाराच्या तलावात साधारण २५ लाख लिटर पाणी मावतं. त्यात पाव ग्रॅमभर क्विनोन मिसळलं तर एवढं प्रमाण होतं. छोट्या पिल्लांना याहूनही कमी पुरतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, २०२४ मध्ये गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी जी तपासणी मर्यादा सुचवली, ती लिटरला ११ नॅनोग्रॅम आहे.

आणि तरीही त्याच पाण्यात चम सॅल्मन आरामात पोहतो. कार्कीक पार्कच्या पायपर्स क्रीकवर नोव्हेंबरात लोक मुलांना घेऊन जे मासे बघायला जातात ते बहुतेक चम. त्यांच्यावर या रसायनाचा असा परिणाम होत नाही. सॉकआय सॅल्मनही टिकतो, अटलांटिक सॅल्मन आणि ब्राउन ट्राउटही टिकतात. रेनबो आणि ब्रूक ट्राउट मात्र मरतात, फक्त त्यांना कोहोपेक्षा बरंच जास्त प्रमाण लागतं. इतक्या जवळच्या नात्यातल्या माशांमध्ये एवढा फरक का, यावर अजून काम चालू आहे. आजारी कोहोंमध्ये रक्तवाहिन्यांमधून द्रव झिरपतो आणि रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर गळू लागतो, एवढं दिसलेलं आहे. व्यवहारात याचा अर्थ एवढाच की 'आमच्या ओढ्यात मासे मजेत आहेत' असं कुणी म्हणालं तर आधी विचारायचं, कोणते मासे?

आता टायरच्या दुकानाकडे वळू. सॅल्मनला चालणारा टायर आज तुम्हाला विकत मिळणार नाही. जवळपास सगळ्या टायरांमध्ये ६पीपीडी असतं, महाग असो वा स्वस्त. 'इको' लिहिलेल्या टायरांचा या रसायनाशी संबंध नाही. तो शब्द बहुधा इंधनबचतीबद्दल असतो. कॅलिफोर्नियाने २०२३च्या ऑक्टोबरपासून ६पीपीडी असलेल्या टायरांना प्राधान्याने हाताळायच्या उत्पादनांत टाकलं आहे, त्यामुळे उत्पादकांना पर्याय तपासून अहवाल देणं भाग पडलं. युरोक, पोर्ट गँबल स्क्लालम आणि पुयालप या तीन आदिवासी राष्ट्रांनी त्याच वर्षी ईपीएकडे अर्ज केला आणि तो नोव्हेंबरात मान्य झाला. पण मान्य झाला म्हणजे बंदी आली असं नाही. नियम करण्याची प्रक्रिया सुरू झाली, एवढंच. उद्योगाची अडचणही अगदी खोटी नाही: भेगा पडलेला टायर महामार्गावर फुटला तर माणसं मरतात. शिवाय पर्याय म्हणून पुढे येणारी बरीच रसायनं त्याच कुळातली आहेत, आणि त्यांचीही क्विनोन बनतात. घाईने एक काढून दुसरं घातलं आणि ते चमला किंवा आणखी कुणाला मारणारं निघालं, तर पुन्हा वीस वर्षं शोधत बसावं लागेल. माझं मत विचाराल तर पर्याय आधी माशांवर तपासा, मग बाजारात आणा, आणि त्यासाठी तारीख कायद्याने ठरवून द्या. ब्रेकमधल्या तांब्याच्या बाबतीत आपल्या वॉशिंग्टन राज्याने २०१० मध्ये कायदा करून टप्प्याटप्प्याने हेच केलं होतं. तांब्याने सॅल्मनची वास घेण्याची क्षमता बिघडते. तेव्हाही उद्योग म्हणत होता की अवघड आहे. झालं की.

इलेक्ट्रिक गाडीबद्दल: हवेसाठी छान, ब्रेकची झीजही कमी. पण बॅटरीमुळे गाडी जड असते आणि जागेवरून जोरात उसळते, त्यामुळे टायर उलट जास्त झिजतात. या एका बाबतीत तुम्ही सुटलेला नाही. हवेचा दाब बरोबर ठेवणं, अलाइनमेंट करून घेणं, सिग्नल सुटल्यावर गाडी न उडवणं, याने झीज थोडी कमी होते. जरूर करा, टायरचे पैसेही वाचतील. पण ओढ्याच्या पाण्यात त्याचा फरक मोजता येईल असं मी म्हणणार नाही.

फरक मोजता येतो तो मातीत. नऊ पावसांचा जो प्रयोग वर सांगितला, त्याचाच दुसरा भाग असा: तेच महामार्गाचं पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून घेतलं आणि कोहो त्यात ठेवले, तर ते जगले. २०१६ मध्ये हे छापून आलं, म्हणजे रसायनाचं नाव कळण्याच्या चार वर्षं आधी. आमच्या व्यवसायात हे फार महत्त्वाचं ठरलं, कारण नाव माहीत नसतानाही काम सुरू करता आलं. कारण साधं आहे. क्विनोनला पाण्यात राहायला फारसं आवडत नाही, सेंद्रिय पदार्थाला ते पटकन चिकटतं. आणि टायरचे कण वाळूतच अडकतात. व्हँकुव्हरमधल्या, रस्त्याचं पाणी असंच मातीतून गाळणाऱ्या एका बागेच्या अभ्यासातही ९० टक्क्यांहून जास्त क्विनोन अडवता येईल असं दिसलं.

मिश्रणाबद्दल थोडं सांगते, कारण बागकाम करणाऱ्यांना यात रस वाटेल. इथलं जुनं प्रमाण ६० टक्के वाळू आणि ४० टक्के कंपोस्ट. क्विनोनसाठी उत्तम, पण कंपोस्टमधून फॉस्फरस, नायट्रोजन आणि थोडं तांबं धुऊन बाहेर येतं. तळ्याजवळ ते नको असतं, शेवाळ माजतं. म्हणून आता जिथे पाणी नाजूक ठिकाणी जातं तिथे ७० टक्के वाळू, २० टक्के कोकोपीट आणि १० टक्के बायोचार (एक प्रकारचा कोळसा) असं मिश्रण वापरतात. हो, कोकणात पोत्यांनी मिळतं तेच नारळाच्या सालीचं कोकोपीट. इथे मात्र ते जहाजाने येतं आणि कंत्राटदार किमतीवरून कुरकुर करतात.

आता सगळं परिस्थितीवर कसं अवलंबून आहे ते सांगते. सिएटलच्या काही भागांत पावसाचं पाणी सांडपाण्याच्याच नळातून प्रक्रिया केंद्राकडे जातं. फार मोठ्या पावसात ते ओसंडतं, पण एरवी ओढ्यात येत नाही. काही भागांत मात्र पावसाळी गटार वेगळं असतं आणि ते काहीही न गाळता थेट ओढ्यात उघडतं. तुमच्या गल्लीच्या जाळीवर 'हे पाणी ओढ्यात जातं' अशा अर्थाची खूण असेल तर तुम्ही दुसऱ्या प्रकारात आहात. दुसरं, रस्ता किती वर्दळीचा आहे. आपल्या घरासमोरच्या गल्लीत दिवसाला मोजक्या गाड्या जातात, तिथून येणारं क्विनोन थोडंच. खरा भार येतो मोठ्या रस्त्यांवरून आणि पुलांवरून. म्हणूनच फ्रीमाँटमध्ये ऑरोरा ब्रिजवरून पडणाऱ्या पाण्यासाठी खाली झाडांच्या उतरत्या वाफ्यांची रांग केली आहे. एकदा मुद्दाम पावसात जाऊन बघा.

तिसरी गोष्ट पावसाची. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांचं घाण पाणी अडवलं की काम झालं, असा आमच्याकडे जुना समज होता. विमानतळाजवळच्या मिलर क्रीकवरच्या अभ्यासात दिसलं की टायरची रसायनं पाऊस चालू असेपर्यंत येत राहतात. त्यामुळे लहानसा खड्डा करून सुरुवातीचं पाणी पकडलं आणि बाकीचं सोडून दिलं, हे इथे चालत नाही. वॉशिंग्टन राज्याच्या पश्चिम भागातल्या नियमांनुसार वर्षभरात वाहणाऱ्या पाण्यापैकी ९१ टक्के प्रक्रियेतून जावं लागतं. नियम चांगला आहे. गोम अशी की तो नव्या आणि नव्याने बांधल्या जाणाऱ्या कामांना लागतो. शहराचे बहुतेक मोठे रस्ते त्याच्या कितीतरी आधीचे. ते पुन्हा बांधायला निघेपर्यंत त्यांचं पाणी तसंच वाहतं.

इथेच मला एक गोष्ट खटकते. १९७४च्या बोल्ट निकालाने इथल्या आदिवासींचा निम्म्या माशांवरचा करारातला हक्क मान्य केला. त्याच हक्काच्या आधारे पुढे चाललेला मोऱ्यांचा खटला २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि आता राज्य रस्त्यांखालच्या, मासे अडवणाऱ्या मोऱ्या अब्जावधी डॉलर खर्चून बदलतं आहे. हे हवंच होतं. पण शहरी भागात मोरी रुंद करायची, कोहोंना वर जाऊ द्यायचं, आणि त्याच जागी वरच्या रस्त्याचं पाणी न गाळता ओढ्यात सोडायचं, याला काय म्हणावं? खोदाई चालू असताना कडेला वाफा करून घेण्याचा खर्च एकूण कामाच्या मानाने लहान असतो. मागाहून तोच रस्ता पुन्हा उकरायचा म्हटलं की परवडत नाही. तुमच्या भागात असं काम निघालं आणि सुनावणी झाली, तर हा प्रश्न जरूर विचारा.

घरी रेन गार्डन, म्हणजे पावसाचं पाणी जिरवणारा वाफा, करावं का, हेही तुमच्या मनात असेलच. करा, पण कशासाठी ते समजून. छतावर टायर फिरत नाहीत, त्यामुळे छताच्या पाण्यात हे रसायन जवळपास नसतं. फायदा असा की ते पाणी रस्त्यावर उतरून तिथले कण घेऊन गटारात जात नाही आणि ओढ्याला अचानक लोंढा येत नाही. सिएटलच्या ठरावीक भागांत 'रेनवाइज' योजनेतून खर्चाचा परतावा मिळतो, तुमचा पत्ता त्यात बसतो का पाहा. एरवी सगळ्यात उपयोगी आणि फुकटचं काम म्हणजे ऑक्टोबरात खराटा घेऊन बाहेर पडणं. रस्त्याकडेच्या वाफ्यात पाणी शिरायला कठड्यात जी खाच ठेवलेली असते, ती नेमकी पानगळीच्या दिवसांत मॅपलच्या पानांनी बुजते. मग वाफा कोरडा राहतो आणि पाणी सरळ पुढच्या जाळीत. लाखभर डॉलरचं काम ओंजळभर पानांनी बंद पडलेलं मी दर शरदात कुठे ना कुठे पाहते. गाडी दारात धुण्याऐवजी कार वॉशमध्ये न्या, तिथलं पाणी सांडपाण्यात जातं. आणि बागेत, मुलांच्या झोपाळ्याखाली जुन्या टायरचा रबरी चुरा पसरू नका. त्यात तेच ६पीपीडी आहे. लाकडाचा भुगा पुरतो.

मुळा-मुठेबद्दल थोडक्यात. तिथे सॅल्मन नाहीत, त्यामुळे ही गोष्ट जशीच्या तशी लागू होत नाही. रसायन मात्र पुण्याच्या रस्त्यावरही तेच पडतं. मुळा-मुठेत सध्या शहराचं सांडपाणी हाच मोठा प्रश्न आहे आणि आधी लक्ष तिकडेच द्यायला हवं. भारतात याचा विचार करायचा तर हिमाचल आणि काश्मीरच्या ओढ्यांचा करावा लागेल. तिथे बाहेरून आणून सोडलेले ब्राउन आणि रेनबो, दोन्ही ट्राउट आहेत, आणि त्यातला रेनबो या रसायनाला बळी पडतो.

तुमच्या घराजवळचा मोठा चौक कोणता ते इथे लिहा, पत्ता नको. महापालिकेच्या ड्रेनेज नकाशात बघून तिथलं पाणी लाँगफेलोकडे जातं की प्रक्रिया केंद्राकडे, ते सांगते. ओढ्याकडे जात असेल तर जवळपास कठड्याला खाच असलेला वाफा आहे का तेही पाहू, म्हणजे खराटा कुठे न्यायचा ते कळेल.